कोंडलेल्या भट्टीतली झळाळी

काचेच्या रसात तांबं घातलं आणि भट्टीत हवा मोकळी खेळू दिली, तर काच निळसर हिरवी होते. तेच तांबं त्याच रसात घालून हवा कोंडली, तर काच विटकरी लाल होते. फरक फक्त हवेचा. दोन हजार वर्षांपूर्वी भारताच्या द्वीपकल्पात मणी करणाऱ्या कारागिरांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. प्राणवायू हा शब्द त्यांच्यापाशी नव्हता, भट्टीचं तोंड किती झाकायचं आणि कधी उघडायचं याचा अंदाज मात्र होता. त्या अंदाजाच्या बळावर त्यांनी केलेले बारीक लाल मणी आग्नेय आशियापर्यंत पोहोचले.

आज ज्योतीवर मणी करणारे कारागीर हाच खेळ वेगळ्या काचेशी खेळतात. त्यांच्या हातातल्या काचेच्या कांडीत चांदीचा अंश मिसळलेला असतो. कांडी दिसायला साधी, बरेचदा मळकट पिवळी किंवा निळी असते. बर्नरच्या ज्योतीत ती वितळवून लोखंडी सळईवर गुंडाळायची, मणी गोल करून घ्यायचा, आणि अगदी शेवटी ज्योतीतला ऑक्सिजन कमी करायचा. ज्योत पिवळसर आणि फुगीर होते. तिला प्राणवायूची भूक लागते आणि तो ती काचेच्या पृष्ठभागातून ओढून घेते. मागे उरते निव्वळ चांदी. काही क्षणांत मण्यावर आरशासारखा पातळ पडदा धरतो. शाळेच्या रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात.

चमक आणणं त्या मानानं सोपं. अवघड असतं ती टिकवणं. चमक धरलेला मणी पुन्हा भरपूर ऑक्सिजनच्या तिखट ज्योतीत नेला, तर चांदीचा पडदा काचेत विरून जातो. भुकेल्या ज्योतीत फार वेळ ठेवला, तर वर राखाडी मळभ येतं आणि तकाकी मरते. ज्या काचेत शिसं असतं ती अशा ज्योतीत काळवंडते. मणी नको तितका तापलेला असताना ज्योत बदलली तरी बिघाड होतो. रसरशीत लाली थोडी उतरू द्यावी लागते. म्हणून जाणते कारागीर नक्षी, ठिपके, आकार हे सगळं आधी उरकतात आणि क्षपण सगळ्यांत शेवटी ठेवतात. किंवा मग चमक धरल्यावर तिच्यावर स्वच्छ पारदर्शक काचेचं कवच चढवतात, म्हणजे हवा धातूपर्यंत पोहोचतच नाही.

हे कवच चढवणं आजच्या स्टुडिओतली युक्ती वाटेल, पण तिचं वय सव्वादोन हजार वर्षांच्या पुढे आहे आणि तिचा माग काढत निघालं की वाट ठाणे जिल्ह्यातल्या एका खाडीतून जाते.

मानकोली आज ओळखलं जातं ते मुंबई–नाशिक महामार्गावरचा नाका म्हणून, गोदामांच्या रांगांसाठी, आणि आता उल्हास नदीवरून डोंबिवलीच्या मोटागावला जोडणाऱ्या पुलासाठी. गावाच्या अंगाला जी खाडी आहे तीच खाली कशेळी, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळते आणि वर कल्याणला जाते. वसईच्या तोंडातून आत शिरून कल्याण गाठायचं असेल, तर गलबताला मानकोलीच्या काठावरूनच जावं लागे. आणि कल्याणला जाणारी गलबतं फार जुन्या काळापासून होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गाच्या वर्णनात कल्याणचं नाव 'कल्लिएना' असं येतं. आधीच्या राजाच्या काळात हे अधिकृत बाजारपेठेचं बंदर होतं, पण नंतर सत्ता बदलली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं तो सांगतो. याच ग्रंथात भडोचला परदेशातून येणाऱ्या मालाची यादी आहे. तीत दारू, तांबं, कथील, शिसं आणि पोवळ्यांबरोबर कच्ची काचही आहे.

कच्ची काच, म्हणजे घडवलेली भांडी नव्हेत, तर वितळवून हवं ते करता येईल अशी ढेकळं. ती विकत घेणारा कुणी तरी इथे होता, त्याच्याजवळ भट्टी होती आणि ती कशी तापवायची याचं ज्ञानही होतं. भारतात काच परदेशातूनच आली असं समजणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. इथे देशी काचही मुबलक होत होती, आणि तिची रासायनिक ठेवण भूमध्य सागरी काचेहून वेगळी होती. तिच्यात ॲल्युमिना जास्त असे, कारण ती वाळू आणि जमिनीवर फुलून येणाऱ्या खारापासून केलेली असे. रोमचा प्लिनी तर लिहून गेला की भारतातली काच फुटक्या स्फटिकापासून करतात आणि म्हणून तिला तोड नाही. स्फटिकाची गोष्ट ऐकीव असणार, पण भारतीय काचेची कीर्ती रोमपर्यंत गेली होती एवढं त्यावरून दिसतं.

मणी करणारे लोक या किनाऱ्यावर नुसते राबत नव्हते, त्यांच्या हाती पैसाही होता. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दानशूरांची नावं आहेत. त्यांत सोनार आहेत, लोहार आहेत. वसईजवळच्या सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या एका मणिकारानं सहकुटुंब दिलेल्या दानाचीही नोंद तिथे आहे. तो कोणते मणी घडवत होता, अकीकाचे, स्फटिकाचे की काचेचे, हे लेख सांगत नाही. पण मण्यांच्या धंद्यातला एक माणूस डोंगरात लेणं कोरवून घेणाऱ्यांच्या पंगतीला बसू शकत होता.

मालाची दुसरी वाट घाटावरून उतरत असे. 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तेर या दोन घाटावरच्या बाजारांची नावं आहेत. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणहून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. जुन्नरहून नाणेघाट उतरला की थेट कल्याण. या वाटेवरच्या आणि घाटावरच्या इतर सातवाहनकालीन गावांच्या उत्खननांत काचेचे मणी सापडत गेले. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ दरम्यान डेक्कन कॉलेजची मंडळी खणत होती. तेरला १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी काम केलं.

यातले मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे नाव मराठी वाचकाला फारसं परिचित नाही, हे खेदाचं आहे. भारतीय मण्यांचा आणि काचेचा अभ्यास शास्त्रशुद्ध पायावर उभा करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. मुंबई विद्यापीठात पंडित भगवानलाल इंद्रजींच्या नावाच्या व्याख्यानमालेत त्यांनी भारतीय काचेचा इतिहास मांडला आणि १९६९ मध्ये त्याचं 'हिस्ट्री ऑफ इंडियन ग्लास' हे पुस्तक झालं. ज्यांच्या नावाची ती व्याख्यानमाला, त्या भगवानलालांनीच १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला होता. त्यातून एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि अगदी आतला सोन्याचा होता. उत्तर कोकणच्या या पट्ट्याचं पुरातत्त्व एकट्या परक्यांनी उजेडात आणलेलं नाही. त्यात भगवानलाल आहेत, सांकळिया आहेत, दीक्षित आहेत.

सातवाहनकालीन थरांत जे मणी मिळतात त्यांतले दोन प्रकार इथे महत्त्वाचे. पहिला बारीक, एकरंगी, अपारदर्शक मण्यांचा. अमेरिकी अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी त्यांना 'इंडो-पॅसिफिक' हे नाव दिलं. हे मणी एकेक करून गुंडाळलेले नसतात. तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढत न्यायची, ती थंड झाल्यावर तिचे बारीक तुकडे करायचे आणि कडा बोथट व्हाव्यात म्हणून राखेत मिसळून पुन्हा तापवायचे, अशी ती रीत. पुदुच्चेरीजवळचं अरिकमेडू हे तिचं मोठं केंद्र होतं. आंध्र प्रदेशातल्या पापनायडूपेट गावात ही रीत विसाव्या शतकातही जिवंत होती आणि म्हणूनच अभ्यासकांना ती डोळ्यांनी पाहून लिहिता आली. आलोक कुमार कानुंगो यांनी तिथल्या आणि उत्तर प्रदेशातल्या मणी कारागिरांच्या भट्ट्यांचं बारकाईनं केलेलं दस्तऐवजीकरण या विषयात फार मोलाचं आहे.

या मण्यांतला विटकरी लाल रंग सगळ्यांत कष्टाचा. काचेच्या आत तांब्याचे अतिसूक्ष्म कण सुटे व्हावे लागतात, आणि ते तसे राहावेतही लागतात. भट्टीत मध्येच हवा शिरली की कण पुन्हा विरतात आणि लाल मणी हिरवटतो, करडा पडतो. नळी ओढताना रंग जपायचा, तुकडे परत तापवताना पुन्हा जपायचा. प्रत्येक पायरीवर हवेशी झुंज. ज्योतीवर चांदीचा मणी करणाऱ्या आजच्या कारागिराला छळणारी अडचण नेमकी हीच आहे, फक्त त्याच्या ज्योतीला खटका आहे आणि त्या काळच्या कारागिराजवळ सरपण, माती आणि डोळे एवढंच होतं.

दुसरा प्रकार म्हणजे सोनेरी मणी. काचेच्या नळीवर सोन्याचा पातळ वर्ख लपेटायचा, त्यावर दुसरी स्वच्छ काचेची नळी सरकवायची आणि दोन्ही एकजीव करून साच्यात दाबत मणी पाडायचे. भूमध्य सागरातल्या ऱ्होड्स बेटावर अशा मण्यांचा ख्रिस्तपूर्व काळातला कारखानाच सापडला आहे, आणि दख्खनमध्येही असे मणी मिळतात. पुढे महागाईवर तोड म्हणून सोन्याऐवजी चांदीचा वर्ख आणि वरून मधाळ पिवळी काच असा स्वस्त प्रकारही निघाला. लांबून तो सोन्याचाच दिसे. सोनं हवेनं खराब होत नाही, पण वर्ख घासला की जातो. चांदी तर हवेतल्या गंधकानं काळी पडते, हे पैंजण वापरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. वरच्या काचेनं दोन्ही प्रश्न एका फटक्यात सोडवले. आज चांदीयुक्त मण्यावर पारदर्शक काचेचं कवच चढवणारा कारागीर तेच करतो.

जगात इतरत्र ही विद्या वेगळ्या दिशेनं गेली. इजिप्त आणि सीरियातल्या कारागिरांनी आठव्या शतकात चांदी-तांब्याचे क्षार काचेच्या भांड्यावर कुंचल्यानं रंगवून हवा कोंडलेल्या भट्टीत भाजले आणि चमकती नक्षी उमटवली. कैरोच्या संग्रहालयात असा एक प्याला आहे. त्यावर ७७३ मध्ये इजिप्तचा सुभेदार असलेल्या अब्द अल-समदचं नाव आहे. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर सतराव्या शतकात तांब्याचे चकाकते कण काचेच्या आतच वाढवण्याची युक्ती निघाली. त्यासाठी भांडं बंद करून रस अनेक दिवस सावकाश निववायचा. मधला गाभा लखलखीत निघतो, हवेला लागलेली कडेची काच हिणकस. मुंबईच्या बाजारात अंगठीत बसवायला मिळणारा 'सनसितारा' तो हाच. खाणीतून निघालेला खडा समजून विकत घेणाऱ्यांनी तो काचेचा आहे हे जाणून घ्यावं.

मराठी किनाऱ्यावरची मण्यांची गोष्ट सातवाहनांबरोबर संपली नाही. रेवदंड्याजवळचं चौल हे 'पेरिप्लस'मध्येही आहे आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आलेल्या अल-मसूदीच्या लेखनातही. अरब त्याला सैमूर म्हणत. चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. तिथे मिळालेल्या मण्यांची आणि पूर्व आफ्रिकेत केनियाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या मण्यांची रासायनिक तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. लॉर ड्युस्युब्यो यांच्या पुढाकारानं झालेल्या या अभ्यासात दोन्हीकडच्या मध्ययुगीन मण्यांची काच एकाच घराण्यातली निघाली. कोकणातल्या एका बंदराचा आणि आफ्रिकेतल्या बाजारांचा संबंध कागदपत्रांत धूसर होता. काचेतल्या युरेनियम, बेरियमसारख्या अंशांनी तो पक्का केला. इतिहास लिहिण्याचं हे साधन फार समर्थ आहे आणि महाराष्ट्रात ते अजून कितीतरी जास्त वापरलं जायला हवं.

बहमनी काळात बांगडीला जोर आला. ब्रह्मपुरीच्या वरच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये काचेच्या बांगड्या करणाऱ्या काचारी समाजाची स्वतंत्र नोंद आहे. पण तोवर परदेशी माल जोरात होता. व्हेनिस आणि बोहेमियाचे मणी मुंबई बंदरात उतरत. त्यापुढे देशी भट्टी दमली.

तिला पुन्हा पेटवण्याचा एक प्रयत्न मराठी माणसाच्या आठवणीत अजून आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले प्रमुख. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, त्यातून ओगलेवाडी वसली आणि प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. कंदिलाच्या काचेला झळाळी नको होती, नितळपणा हवा होता. पण वाळूत लोहाचा अंश असतोच, आणि भट्टीत हवा कमी पडली की तोच अंश काचेला निळसर हिरवी झाक देतो, हवा पुरली की ती झाक फिकट पिवळी होते. कंदिलाची काच नितळ ठेवतानाही या हवेचं भान सोडून चालत नाही.

रंग बदलणाऱ्या, धातूसारख्या चमकणाऱ्या काचेची आजची आवड मात्र एका नासाडीच्या सौंदर्यातून जन्मली. जुनी काच शतकानुशतकं ओल्या मातीत राहिली की तिच्यातला खार पाझरून जातो आणि वर पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्यांवर प्रकाश पडला की इंद्रधनुष्याची झाक दिसते. एकोणिसाव्या शतकात उत्खननांतून असे पेले, कुप्या युरोपच्या संग्रहालयांत आल्या आणि कलावंत मोहून गेले. बोहेमियातल्या लोएत्झ कारखान्यानं आणि न्यूयॉर्कच्या लुई टिफनीनं धातूंच्या क्षारांचा वापर करून ही झाक ताज्या काचेवर मुद्दाम आणली. चांदी मिसळलेल्या, क्षपणानं चमकणाऱ्या आजच्या कांड्या याच आवडीच्या वारसदार आहेत. जर्मनीतली रायशेनबाख आणि अमेरिकेतली डबल हेलिक्स यांसारख्या कंपन्या त्या बनवतात.

म्हणून संग्रहालयातला जुना मणी झळकताना दिसला तर नीट पाहायला हवं. ती झळाळी कारागिरानं भट्टीत आणलेली असू शकते, किंवा मातीनं काच खाल्ल्याची खूण असू शकते. पहिली घट्ट बसलेली असते, दुसरी बोट लावलं तरी गळते.

मंगळसूत्रातली काळी पोत आजही काचेची असते, आणि तिचे मणी प्रामुख्यानं उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरसारख्या गावांतून येतात. वाराणसीला ज्योतीवर मणी करणारे कारागीर आहेत आणि तिथल्या काचमण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. भिवंडी परिसरातही मोती कारखाने आहेत, पण तिथला माल बव्हंशी प्लॅस्टिकचा. त्यावरची चमक वरून चढवलेल्या थराची असते, ती काचेच्या पोटातून येत नाही, आणि घामानं उतरते.

काचेतली धातूची चमक टिकवण्याचं ज्ञान या खाडीच्या वाटेनंही ये-जा करत असणार, पण त्याचा एका ओळीचाही लेखी पुरावा कारागिरांनी ठेवलेला नाही. जे काही उरलं ते मण्यांतच आहे. कल्याणचं जुनं बंदर आजच्या दाट वस्तीखाली गेलं. मानकोलीपासून कशेळीपर्यंतचा खाडीकाठ गोदामांसाठी, रस्त्यांसाठी, पुलांसाठी खोलवर खणला जातो आहे. याच भिवंडी तालुक्यात भादाण्याला शिलाहार राजा अपराजिताचा शके ९१९ चा, म्हणजे ९९७ सालचा, ताम्रपट मिळाला आणि लोणाडला लेणं आहे. तेव्हा पायाच्या खड्ड्यातून जुनं काही वर येणं मुळीच अशक्य नाही.

जेसीबी चालवणारे, मुकादम, ठेकेदार आणि जमीनमालक यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. मातीत रंगीत काचेचा बारीक मणी, बांगडीचा तुकडा किंवा खापर दिसलं तर ते घासू नका, ॲसिडनं धुऊ नका. वरचा पापुद्रा गेला की निम्मी माहिती गेली. जिथे मिळालं ती जागा आणि खोली लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, आणि जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं त्यानं सापडवणाऱ्यावर बंधनकारक केलं आहे.